रुईपाशी थोडं थांबा

निवांत बसा. श्वास आपल्या चालीनं येऊ द्या, जाऊ द्या. मनानं बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला या. मोताळा तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचं हे गाव. चैत्राचं ऊन आहे. रानं मोकळी पडलीत, धुऱ्यावरचं गवत वाळलंय आणि रुई मात्र फुलली आहे.

तिच्याकडे नुसतं बघा. जाड, पिठूळ पानं. जांभळट फुलं, मधोमध इवलासा मुकुट. काळा भुंगा येतो, बसतो, जातो.

आता मनातच एक पान तोडा. देठातून पांढरा चीक ओघळतो. पायात काटा मोडला की हाच चीक लावायचा, गुडघा धरला की पानाला तेल लावून, शेकून बांधायचं. त्या उबेनं किती थकल्या गुडघ्यांना रात्रीची झोप दिली असेल! पान बांधणाऱ्या हातांविषयी मनात माया दाटू द्या.

एक श्वास आणखी.

याच चिकानं कातडीवर फोड येतात. त्यातली कॅलोट्रोपिनसारखी द्रव्यं पोटात गेली तर हृदयाची लय बिघडवतात. आयुर्वेदानं अर्काला, म्हणजे रुईला, उपविषांत धरलं आहे. शोधन झाल्याशिवाय, वैद्याच्या देखरेखीशिवाय रुई पोटात घ्यायची नाही. गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

आता डोळे मिटा आणि इथं जरा जास्त थांबा. पापण्यांमागची हालचाल जाणवू द्या. रोहिणखेडात १५८२ साली बांधलेली मशीद आहे. रुईची धास्ती तिच्याहून कितीतरी जुनी. महाभारताच्या आदिपर्वात धौम्य ऋषींचा शिष्य उपमन्यू भुकेपोटी रुईची पानं खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. आज धोका असतो तो बोटांवरच्या चिकाचा. तो डोळ्यात गेला तर कधी फारसं दुखतही नाही, नजर तेवढी धुरकट होत जाते. दुखत नाही म्हणून माणूस घरीच थांबतो. मला याचंच सगळ्यात भय वाटतं. अशा वेळी स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धूत राहायचं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. डोळ्यात तूप, दूध, मध काहीही घालायचं नाही.

लेकराच्या पायातला काटा काढणारी आई डोळ्यांपुढे आणा. शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ ओवणारे आजोबा आणा. दोघांची बोटं चिकट झाली आहेत. घाम येतो, हात कपाळाकडे निघतो. त्या हाताला मनातच अडवा. साबण द्या, पाणी घाला. लेकराचेही हात धुवा, कारण त्यानंही पाय चाचपलेला असतो.

पान कसं शेकायचं हे तुम्हाला घरातल्या कुणीतरी शिकवलं असेल. हात धुवायचंही सांगितलं होतं का, ते आठवून बघा. नसेल सांगितलं, तर पुढच्याला पान देताना तेवढं तुम्ही सांगा.