देह नश्वर, पण कुणाचा?

माउलींनो, देह नश्वर आहे हे आपण नित्य ऐकतो आणि नित्य बोलतोही. कीर्तनात ते कानी पडले की माना डोलतात. पण हे आपण कुणाच्या देहाविषयी बोलतो, याचा एकदा शांतपणे विचार करावा, एवढी विनंती आहे.

गावात घरोघर एखादी म्हातारी असते. पाठीतून वाकलेली, वर्षागणिक थोडी बुटकी होत चाललेली. आपण म्हणतो, वय झाले. वय झालेच आहे, पण पुष्कळदा त्या पाठीतले मणके ठिसूळ होऊन दबलेले असतात. वासा वाळवीने पोखरावा आणि बाहेरून धडधाकट दिसावा, तसे हाडांचे होते. बरेच दिवस कळत नाही. मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि घर जागे होते.

हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत साठते. पुढे तिचा खर्चच होत जातो. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरातले इस्ट्रोजेन घटते आणि तो खर्च वाढतो. जी मुलगी अर्धपोटी वाढली, लग्नानंतर सगळ्यांच्या मागून जेवली, जिच्या वाट्याला दूध आलेच नाही, तिची पुंजी मुळातच थोडी. त्यात मिशरी-तंबाखूची भर. गुडघेदुखीवर आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असते, तेही हाडे पोखरते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनी आपल्याच. 2019 मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींनी चाळिशीही गाठली नव्हती. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले, तर पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते आणि हाडांची झीज तेव्हापासूनच वेग घेते. डोक्यावरची मोळी मात्र तेवढीच जड राहते.

आता सांगा, यांच्यापुढे देहाची नश्वरता कोणत्या तोंडाने सांगायची? स्वतःच्या देहाविषयी म्हटले तर ते वैराग्य. दुसऱ्याच्या देहाविषयी म्हटले तर ती हयगय.

कुणी म्हणेल, "आमची आईच नको म्हणते. मला आता काय करायचंय दूध, पोरांना द्या, असं तीच सांगते." खरे आहे. पण त्याग त्याचाच, ज्याला घेण्याची मोकळीक होती. जिच्या ताटात कधी वाढलेच नाही, तिने सोडले काय? आपण तिच्या सवयीला त्याग म्हणतो आणि हात धुऊन मोकळे होतो.

करायचे ते अवघड नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अशी आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांची शिफारस आहे. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी, दूध, ताक, तिळाची चटणी तिच्या ताटात पडू द्या. एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर भागवू नका, राजगिरा आणि दूध द्या. तिला थोडा वेळ उन्हात बसू द्या, झेपेल तेवढे चालू द्या. चालण्याने हाडांना बळ येते, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. न्हाणीतले शेवाळ घासून काढा, रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवा. उंची घटली, पाठ वाकू लागली, तर वयावर न ढकलता डॉक्टरांना दाखवा.

वारीत आपण ओळखपाळख नसलेल्याच्याही पाया पडतो, त्याला माउली म्हणतो. मग घरातली माउली सर्वांच्या शेवटी, उरलेल्यावर का जेवते? आज पंगत बसेल तेव्हा पहिले ताट तिचे वाढा, आणि ती नको म्हणाली तरी शेजारी बसून तिला जेवू घाला.

रामकृष्णहरी.