खेळ कोणाचा?

मूल खेळते तेव्हा तो खेळ वाटेल त्या क्षणी मोडण्याचा अधिकार त्याचा असतो. हा अधिकार काढून घेतल्यावर जे उरते, त्यास खेळ म्हणावे काय?

अमेरिकेतील निकेलोडियन वाहिनीवर १९९९ ते २००२ या काळात ‘द अमांडा शो’ ही मुलांसाठी प्रहसनांची मालिका चाले. तिची नायिका अमांडा बाइन्स आरंभी अवघी १३ वर्षांची होती. एका प्रहसनात ती न्यायासनावर बसे आणि मुलांच्या फिर्यादींवरून वडीलधाऱ्यांना बिनदिक्कत शिक्षा ठोठावी. या मुलीस विनोदाची उपजत जाण होती, याविषयी मला तरी शंका नाही. पण तो निकाल लिहून देणारे मोठेच होते. चित्रणाची वेळ ठरविणारेही तेच.

कायद्यास या प्रश्नाची जाग फार पूर्वी आली. चॅप्लिनच्या ‘द किड’मधील (१९२१) बालनट जॅकी कूगन सज्ञान झाला, तेव्हा त्याची बहुतेक मिळकत आईने व सावत्र बापाने उडविलेली होती. त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला. आता तेथे बालनटाच्या कमाईपैकी १५ टक्के रक्कम त्याच्या नावे राखून ठेवावी लागते. पैसा असा राखता येतो. कंटाळा आला म्हणून उठून जाण्याची मोकळीक कोणत्या पेढीत ठेवावयाची?

पुढे न्यायालयाने बाइन्सचे पालकत्व तिच्या आईकडे सोपविले. ते मार्च २०२२ मध्ये संपले, तेव्हा ती ३५ वर्षांची होती. या दोहोंत कार्यकारणभाव जोडण्याचा अधिकार मला नाही. मात्र न्यायासनावरच्या त्या मुलीस एखाद्या सकाळी खेळावेसेच वाटले नसते, तर तिची फिर्याद कोणापुढे चालली असती?