सव्वा मूठ गहू

पांझरेच्या काठी एक गाव होतं. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार जवळ आला, की तिथल्या घराघरांत सारवण-पोतारा सुरू व्हायचा. त्या दिवशी कानबाई देवी बसायची.

अशाच एका घरात आजी, तिचा थोरला मुलगा आणि त्याचा पुतण्या, म्हणजे धुळ्याला कॉलेजात शिकणारा नातू, राहत होते. त्या वर्षी शुक्रवारी रात्री पाऊस कोसळला. सकाळी विहिरीत दोन परस पाणी चढलेलं दिसलं.

काका म्हणाले, "कानबाई मायनी कृपा! पोऱ्या, आता आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

नातू म्हणाला, "शेजारी कानबाई बसवत नाहीत. त्यांच्या विहिरीलाही तेवढंच पाणी आलंय."

"आपल्या पुण्याईचं झिरपलं तिकडे."

"म्हणजे पाऊस आला तर तिची कृपा आणि नाही आला तर आपलं काहीतरी चुकलं. मग काका, तुमचं म्हणणं खोटं ठरायचं तरी कधी?"

काकांचा आवाज चढला. आजी ओसरीवर कानबाईच्या प्रसादाचे, म्हणजे रोटाचे, गहू मोजत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ.

सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला होता. तेव्हाही बसवली होती."

"मग काहीच उपयोग झाला नाही ना?" नातू म्हणाला.

"पावसासाठी बसवली नव्हती. आताही नाही."

"मग कशासाठी?"

आजी काही बोलली नाही. तिनं पुढची मूठ भरली आणि धाकट्या मुलाचं नाव घेतलं. बांधाच्या भांडणावरून तो सुरतेला निघून गेला होता. तीन वर्षांत ना तो आला, ना त्याचा निरोप.

काका म्हणाले, "माय, तो येणार नाही. कशाच्या भरवशावर मोजतेस?"

आजीनं वरची पाव मूठही घातली. काका गप्प झाले. नातवानंही वाद पुढे नेला नाही.

पुरावा मागणाऱ्या पोराचं काही चुकलं नव्हतं. पावसाला साक्षीला उभं केलं, की दुष्काळाचीही साक्ष घ्यावी लागते. काकांना एकच साक्षीदार हवा होता. आजीनं मात्र दोघांनाही बोलावलं नव्हतं. तिच्या मुठीनं देवी आहे हे सिद्ध झालं नाही आणि तसा तिचा दावाही नव्हता.

रविवारी रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर गेली. धाकटा आला नाही. रोट भाऊबंदकीबाहेर देता येत नाही. म्हणून त्याच्या वाटणीचा रोट काका आणि पुतण्या पुढचे दोन दिवस गंगाफळाच्या भाजीशी खात होते.