शंकासमाधान : तंबू, प्रतिज्ञा आणि प्रार्थना

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मुलांच्या शिबिरांची चर्चा सुरू होते आणि पुणे जिल्ह्यातील घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या जलाशयाभोवतीचा डोंगराळ प्रदेश अशा शिबिरांना योग्य वाटतो. त्या निमित्ताने पालक, शिक्षक आणि पाळक यांच्या मनात आचाराच्या आणि विश्वासाच्या ज्या शंका उभ्या राहतात, त्यांपैकी काहींचा विचार येथे केला आहे.

शंका : मुले दर रविवारी उपासनेला आणि रविवारच्या शाळेत जातातच; मग स्काऊटसारखा वेगळा ख्रिस्ती कार्यक्रम कशाला हवा?

समाधान : ही सारी चळवळ मुळात रविवारच्या शाळेतील एका अडचणीतूनच निघाली. ग्लासगो येथील रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या विल्यम अलेक्झांडर स्मिथ यांना असे आढळले की, मोठी होत चाललेली मुले वर्गात कंटाळतात, दंगा करतात आणि पुढे येईनाशी होतात. ते स्वयंसेवक सैन्यदलातील अधिकारीही असल्यामुळे त्यांनी कवायत, खेळ आणि बायबलचा अभ्यास यांची सांगड घालून १८८३ मध्ये ‘बॉइज ब्रिगेड’ ही संस्था स्थापन केली. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात उच्चभ्रू शाळांतील मुलांच्या जोडीला याच ब्रिगेडची मुले होती. त्यामुळे ख्रिस्ती मंडळ्यांनी स्काऊटची नक्कल केली, असे जे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. पुढे अशाच धर्तीवर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाने १९५० मध्ये ‘पाथफाइंडर क्लब’ला अधिकृत रूप दिले आणि असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाने १९६२ मध्ये ‘रॉयल रेंजर्स’ सुरू केले.

या कार्यक्रमांचा शास्त्राधार बहुधा लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी शोधला जातो, जेथे बालक येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढला व देवाच्या आणि माणसांच्या कृपेतही वाढत गेला असे सांगितले आहे. बुद्धी, शरीर, भक्ती आणि लोकव्यवहार अशा चारही अंगांनी वाढ व्हावी, हा त्याचा अर्थ घेतला जातो. तथापि खरा लाभ या तत्त्वापेक्षा कार्यपद्धतीत अधिक आहे. सहा ते आठ मुलांचा गट, ज्याला स्काऊटच्या परिभाषेत पेट्रोल म्हणतात, स्वतःचा तंबू उभारतो, स्वतःचा भात शिजवतो आणि तो कच्चा राहिला तर तसाच खातो. त्या गटाचा प्रमुख तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले आपण घ्यावे, ही त्याच्याकडून अपेक्षा असते. रविवारच्या शाळेत मूल सेवेविषयी ऐकते, तर येथे दुसरे कोणीतरी त्याच्यावर अवलंबून असते. त्रिकोणी पट्टीची झोळी बांधून मोडलेला हात गळ्यात अडकवताना रीफ नॉट ही गाठ का वापरायची, तर ती चपटी बसते आणि जखमी माणसाच्या मानेला टोचत नाही. आणि ती मणक्यावर न आणता गळपट्टीच्या हाडावरील खोलगट जागी का आणायची, हे ज्या मुलाला कळले, त्याला शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचा एक नेमका, हाताने करता येण्याजोगा अर्थ सापडलेला असतो. पाठांतराच्या चिठ्ठ्या आणि वचनस्पर्धा यांवर आपल्या मंडळ्यांचा जो भर असतो, त्यापुढे हे शिक्षण कमी धार्मिक वाटते खरे, परंतु तो वाटण्याचाच भाग आहे.

शंका : शाळेत भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे पथक असताना मंडळीने निराळे पथक काढणे हा फुटीरपणा नव्हे काय?

समाधान : शाळेतील पथक चांगले चालत असेल तर मुलाला त्यातून काढून मंडळीच्या पथकात घालू नये. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी, आधीच्या निरनिराळ्या स्काऊट संघटना एकत्र येऊन स्थापन झाली आणि तिच्या प्रतिज्ञेत देशाबरोबर ईश्वराविषयीचे कर्तव्यही आहे. ज्याला ‘ईश्वर’ हा शब्द नको असेल त्याने ‘धर्म’ म्हणावे, अशी मोकळीक तेथे ठेवली आहे. ख्रिस्ती मुलाला ही प्रतिज्ञा घेण्यात कोणतीही अडचण नाही. मंडळीच्या कार्यक्रमात त्या ईश्वराचे नाव आणि चरित्र मोकळेपणाने सांगता येते, एवढाच काय तो फरक. दोन्हीकडे जाणाऱ्या मुलाची ओढाताण होत असेल तर ती वेळेची आहे, निष्ठेची नव्हे.

शंका : गणवेश, संचलन आणि ध्वजवंदन यांत मूर्तिपूजेचा किंवा युद्धप्रेमाचा अंश आहे काय?

समाधान : ध्वजाला वंदन म्हणजे ध्वजाची आराधना नव्हे, असे बहुतेक सर्व मंडळ्या मानतात. ज्यांना तसे वाटत नाही त्यांच्यासाठीही कायद्यात जागा आहे : केरळातील यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले गेले, तेव्हा ती आदराने उभी राहत होती हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. गणवेशाबाबत मात्र निराळी काळजी घ्यावी. तो इतका महाग नसावा की मोलमजुरी करणाऱ्या घरातील मूल त्यापायी मागे राहील.

शंका : डिंभ्याच्या परिसरात गावोगावी देवराया आहेत, वाघोबाचे दगड आहेत. शिबिरातील ख्रिस्ती मुलांनी तेथे कसे वागावे? प्रसाद दिला तर घ्यावा काय?

समाधान : या प्रश्नाचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. देवराई म्हणजे गावदेवाच्या नावाने राखलेले रान, जेथे कुऱ्हाड चालवायची नाही असा गावाचा निर्बंध असतो. आहुप्याची भैरवनाथाची देवराई या भागात प्रसिद्ध आहे. हा निर्बंध पाळणे म्हणजे त्या देवतेला शरण जाणे नव्हे. यजमानाच्या घराची रीत पाळणे हा साधा शिष्टाचार आहे आणि सृष्टी देवाची आहे असे मानणाऱ्याला तर राखलेल्या रानाबद्दल अधिकच आदर वाटायला हवा. पायताण काढायचे असेल तर काढावे, शेकोटीसाठी तेथील वाळकी काटकीही उचलू नये, झऱ्यावर भांडी घासू नयेत. १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य याच डोंगररांगेत असल्यामुळे तेथे वनखात्याची परवानगी आणि नियम वेगळे लागू होतात. सरपण गोळा करण्याऐवजी स्टोव्ह नेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

वाघोबाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतो आणि गुराढोरांच्या रक्षणासाठी वाघोबाला नैवेद्य दाखवतो. शहरातून आलेल्या मुलांना हे हास्यास्पद वाटू शकते, आणि विश्वासाच्या नावाखाली केलेली थट्टा शिबिराच्या प्रमुखांनी तेथल्या तेथे थांबवली पाहिजे. ज्या समाजाने बिबट्याच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखली, त्याच्या भीतीची आणि भक्तीची चेष्टा करण्याचा अधिकार दोन रात्री तंबूत झोपलेल्या मुलांना पोहोचत नाही. किंबहुना या भागात शिबिर घ्यायचेच तर येथील मुलांना शिकवायला आलो, हा आविर्भाव सोडावा. ओल्या लाकडाचा जाळ कसा धरावा, हिरडा कोणत्या दिवसांत वेचावा, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर कोणते पीक येते, हे सांगायला गावातील दहा वर्षांचे पोर पुरेसे असते.

प्रसादाचा प्रश्न करिंथ येथील मंडळीनेही विचारला होता आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत त्याचा विचार केला आहे. त्याचा आशय असा की, मूर्ती ही काही नव्हे हे खरे असले तरी, आपल्या खाण्यामुळे दुर्बळ विवेकाच्या बंधूला ठेच लागत असेल तर आपले स्वातंत्र्य आवरावे. यजमानाने वाढलेले अन्न खोदून न विचारता खावे. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी स्पष्ट सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते टाळावे. यावरून एवढे निश्चित सांगता येते की, गावातील घरी मिळालेली नाचणीची भाकरी हा प्रसाद नव्हे आणि तिची चौकशी करणे असभ्यपणाचे आहे. देवासमोरचा प्रसाद ज्या पालकांना नको असेल त्यांच्या मुलांनी दोन्ही हात जोडून, हसतमुखाने नाही म्हणावे. तो घेऊन मागे फेकून देणे मात्र सर्वांत वाईट, कारण त्यात देणाऱ्याचाही अपमान होतो आणि खोटेपणाही घडतो.

शंका : डिंभ्याजवळच माळीण आहे. तेथे जे घडले ते पाहून मूल विचारते की देवाने असे का होऊ दिले. शिबिरप्रमुखाने काय सांगावे?

समाधान : ३० जुलै २०१४ रोजी पहाटे अतिवृष्टीने डोंगराचा कडा घसरून माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगी ‘ही देवाची शिक्षा होती’ असे उत्तर देण्याचा मोह काही उपदेशकांना होतो. ख्रिस्ती शिकवणीत त्याला आधार नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे आणि ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती, ही समजूत येशूने स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. मग ती का मेली, याचे उत्तर तेथे दिलेले नाही, आणि शिबिरप्रमुखानेही ते बनवून देऊ नये. माळीणच्या बाबतीत भुसभुशीत उतार, कोसळणारा पाऊस आणि उतारावरील जमीन सपाट करण्याची पद्धत यांवर नंतर पुष्कळ चर्चा झाली. ती मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावी, कारण दगडमातीचे नियम शिकणे हाही देवाच्या सृष्टीचा अभ्यासच आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. गाव दिसत नाही, ही वार्ता बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या वाटेवरचा बदल टिपणे आणि तो ताबडतोब योग्य माणसाला कळवणे, यालाच स्काऊटच्या शिक्षणात निरीक्षण म्हणतात आणि त्याचे गुण पट्ट्यावर शिवण्याच्या बिल्ल्यापुरते नसतात. पुनर्वसित माळीण आता आमडे येथे वसले आहे. ते सहलीचे ठिकाण नाही आणि दुःख झालेल्या घरांसमोर गीत गाऊन पत्रके वाटण्याचे तर मुळीच नाही.

शंका : शेजारची हिंदू, बौद्ध किंवा आदिवासी मुले कार्यक्रमाला येऊ इच्छितात. त्यांना घेतले तर धर्मांतराचा आरोप होईल, न घेतले तर प्रीतीला बाध येईल.

समाधान : येथे लपवाछपवी हेच संकटाचे मूळ असते. कार्यक्रम ख्रिस्ती आहे, त्यात प्रार्थना आणि बायबलचा पाठ आहे, हे मराठीत लिहून पालकांच्या हाती द्यावे आणि त्यांची लेखी संमती घ्यावी. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही, असा दंडक आहे; मंडळीचे शिबिर ही शाळा नसली तरी तोच दंडक स्वतःहून पाळण्यात शहाणपण आहे. प्रार्थनेच्या वेळी ज्याला बाजूला बसायचे असेल त्याला बसू द्यावे आणि त्यामुळे त्याचे गुण, बिल्ला किंवा जेवणाच्या रांगेतील जागा बदलू नये. बूट, दप्तर, शिष्यवृत्ती अशा वस्तू प्रार्थनेच्या हजेरीशी जोडणे सर्वथा अनुचित होय. मुलाच्या गरजेची किंमत म्हणून घेतलेला विश्वास देवालाही नको असावा. शिबिराच्या अहवालात ‘इतकी मुले जिंकली’ असा आकडा लिहिण्याची जी प्रथा आहे, ती बंद केली तर निम्मे आरोप आपोआप गळून पडतील.

शंका : बिल्ले मिळवण्याच्या नादात मुले गर्विष्ठ होत नाहीत काय?

समाधान : होतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म गुप्तपणे करण्याची जी आज्ञा आहे ती आणि बाहीवर शिवलेला बिल्ला यांचा मेळ सहज बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. पोहणे, प्रथमोपचार, तारे ओळखणे या कौशल्यांना बिल्ला द्यावा, कारण कौशल्य तपासता येते. प्रार्थना, नम्रता किंवा परोपकार यांना देऊ नये.

शंका : जलाशयाच्या काठी मुलांना पाठवताना पालकांनी काय पाहावे?

समाधान : डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक असून त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. जुने आंबेगाव, ज्याच्यावरून तालुक्याचे नाव पडले, ते याच पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा काठाला गुडघाभर गाळ असतो आणि पाण्याखाली भिंती, झाडांचे बुंधे, विहिरी असू शकतात. म्हणून प्रार्थनेवर भरवसा ठेवून मुलांना पोहायला सोडणाऱ्या शिबिरप्रमुखाकडे मूल सोपवू नये. तरंगजाकीट, शिट्टी, दोराची दोन भेंडोळी आणि पाण्याची माहिती असलेला स्थानिक मासेमार हाताशी आहे काय, हे आधी विचारावे. कोणत्याही मुलाबरोबर एकच प्रौढ व्यक्ती एकांतात राहणार नाही, मुलींच्या तंबूंपाशी स्त्री प्रमुख असेल आणि लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याची माहिती प्रत्येक स्वयंसेवकाला आहे, हेही लेखी मागावे. असे प्रश्न विचारणे म्हणजे मंडळीवर अविश्वास दाखवणे, असे जो पाळक म्हणेल त्याचे शिबिर त्या वर्षी तरी टाळावे.