रीत मोठी की माणूस?



नाटकास किंवा गाण्यास आलेल्या प्रेक्षकाकडून आपण फारसे काही मागत नाही. त्याने तिकीट काढावे, वेळेवर यावे आणि पडदा पडेपर्यंत गप्प बसावे, एवढेच. यांतील तिसऱ्या अटीविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण काही माणसे अशी आहेत की पहिल्या दोन अटी ती आनंदाने पाळतील, परंतु तिसरी पाळणे त्यांच्या स्वाधीन नसते. त्यांनी मग घरी बसावे काय? आणि बसावे असे आपले म्हणणे असेल, तर ते कोणत्या न्यायाने?

ऑटिझम असलेली मुले व मोठी माणसे यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. मराठीत या अवस्थेस ‘स्वमग्नता’ म्हणतात. मूळ शब्द ग्रीकमधील ‘स्वतः’ या शब्दावरून बनलेला. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करताना तो वापरला, आणि मराठीने त्याचाच अर्थ उचलला. शब्द कानाला गोड लागतो, परंतु फसवा आहे. ऐकणाऱ्यास वाटते की हे मूल आपल्यातच बुडालेले, बाहेरचे त्यास काही कळत नाही. पुष्कळदा खरी गोष्ट उलटी असते. बाहेरचे त्यास फारच लागते. पंख्याची जी घरघर आपल्या ध्यानातही येत नाही, ती त्याच्या कानात शिरते. दिव्याचा झगझगाट डोळ्यांना टोचतो, आणि ठरलेले काही एकाएकी बदलले की जीव घाबरा होतो. अशा वेळी हात हलवून, अंग झुलवून किंवा तोंडाने गुणगुणून ते मूल स्वतःला सावरते. बघणाऱ्यास तो चाळा वाटतो. त्याला तो आधार असतो. अर्थात सगळे एका साच्याचे नसतात. कोणी घडाघडा बोलतो, कोणी जन्मभर एक शब्द बोलत नाही. कोणी मोठ्या हुद्द्यावर नोकरी करतो, कोणास रोजचा घासही भरवावा लागतो.

आता असे मूल नाट्यगृहात आणून बसवा. एकाएकी अंधार होतो. कोठून तरी मोठा आवाज येतो. दारे बंद झालेली असतात आणि हे किती वेळ चालणार ते ठाऊक नसते. मूल हुंकार देते किंवा उठून उभे राहते. पुढच्या रांगेतली डोकी वळतात, कोणी ‘शूऽऽ’ करतो. आई त्याला घेऊन बाहेर पडते, आणि बहुधा पुन्हा येत नाही. शिक्षकाच्या पेशात अनेक वर्षे पालकांशी बोलताना ‘हल्ली आम्ही कुठे जात नाही’ हे वाक्य आम्ही पुष्कळ वेळा ऐकले आहे. आधी नाटक सुटते, मग लग्नकार्ये, मग सणाला जमणारी मंडळी. घराचा परीघ लहान होत जातो. दाराला कुलूप बाहेरच्यांनी लावलेले नसते, हे खरे. पण आतल्यांनी ते हौसेने लावलेले नसते, हेही तितकेच खरे.

यावर उपाय काही अवघड नाही, आणि तो निघालाही आहे. २०११ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘लायन किंग’ या नाटकाचा एक प्रयोग खास अशा कुटुंबांसाठी झाला. इंग्लंडातही पुढल्या वर्षांत अशा मोकळ्या प्रयोगांची चाल पडली. नाटक तेच, नटही तेच. मात्र प्रेक्षागृहातील दिवे पूर्ण मालवत नाहीत, कर्कश आवाज कमी करतात, डोळ्यांवर मारणारे झोत काढून टाकतात. दारे उघडी असतात. उठावे, फिरावे, बाहेरच्या शांत खोलीत टेकून परत यावे, कोणी काही म्हणत नाही. आधी घरी एक सचित्र पुस्तिका मिळते: दार असे दिसेल, खुर्ची अशी असेल, अमुक ठिकाणी मोठा आवाज होईल. पुढे काय येणार हे ठाऊक असले की निम्मी भीती तेथेच सरते. आम्ही ज्या सिंगापुरात राहतो तेथेही एस्प्लनेड या मोठ्या रंगमंदिरात आणि सिंगापूर रेपर्टरी थिएटर या संस्थेच्या बालनाट्यांत असे प्रयोग झाले आहेत.

परंतु काही सुजाण माणसेही म्हणतात की हे सारे ठीक. पण नाट्यगृहातील शांतता ही संस्कृतीची कमाई आहे, ती अशी उधळू नये. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून ही शांतता मुळात आली कोठून, ते पाहू.

प्रेक्षकांना अंधारात निश्चल बसविण्याची शिस्त फार पुरातन नाही. जर्मनीत बायरॉइट येथे वाग्नरचे नाट्यगृह १८७६ साली उघडले; तेथे प्रेक्षागृह अंधारे ठेवले, आणि ती तऱ्हा पुढे पश्चिमेत रुजली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८० साली, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्या संगीत नाटकांचा प्रेक्षक गप्प बसणारा होता काय? पद आवडले की ‘वन्स मोअर’चा गजर होई आणि नटाला तेच पद पुन्हा गावे लागे. नाटक रात्रभर चाले, मुले आईच्या मांडीवर झोपी जात. तमाशात शिट्टी ही तर पावतीच. आपल्या वाडवडिलांनी कीर्तनाची चाल उचलून पवित्र शास्त्रातील कथा मराठीत गाइल्या. त्या कीर्तनांत तान्ही मुलेही होती आणि पेंगणारे म्हातारेही होते, म्हणून कोणाची भक्ती उणी झाली नाही.

येथे सिंगापुरात चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, पितरांच्या नावाने, उघड्या मांडवात ‘गेताई’ नावाचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होतो. लोक येतात, जातात, बोलतात, खातात. पहिली रांग मात्र रिकामी ठेवतात. ती मृतात्म्यांसाठी! जे डोळ्यांना दिसत नाहीत त्यांच्यासाठी ज्या शहरात सगळ्यांत चांगल्या जागा राखून ठेवता येतात, तेथे दाराजवळच्या दोन खुर्च्या एका जिवंत मुलासाठी राखणे कठीण का जावे?

तात्पर्य, शांतता ही रीत आहे. रीत आणि नीती यांत अंतर असते. रीत देशकालाप्रमाणे बदलते. नीती म्हणजे त्या रीतीच्या पोटातला हेतू. गप्प बसण्याच्या पोटात दोन हेतू आहेत. एक, कलेकडे पूर्ण लक्ष द्यावे. दुसरा, शेजाऱ्याच्या आनंदात विघ्न आणू नये. या दोन्ही कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी लक्षाची. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेत बोस्टन शहरी हँडेल अँड हायडन सोसायटीच्या मैफलीत मोत्सार्टची एक शोकरचना वाजविली गेली. शेवटचा स्वर विरला, सभागृह स्तब्ध झाले, आणि त्या स्तब्धतेत एका मुलाचा मोठ्याने उद्गार आला: ‘वॉव!’ लोक हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. संस्थेने त्या मुलाचा शोध घेतला. त्याला ओरडा देण्यासाठी नव्हे, आभार मानण्यासाठी. तो आजोबांबरोबर आलेला नऊ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा निघाला, एरवी फारसे न बोलणारा. त्या सभागृहात गप्प बसलेल्यांपैकी कितीजण मनाने घरच्या हिशेबात गुंतले असतील, देव जाणे. ज्याने शांतता मोडली, त्याचे लक्ष मात्र शेवटच्या स्वरापर्यंत तेथेच होते.

दुसरी कसोटी शेजाऱ्याची, आणि ती खरोखर अवघड आहे. २०१५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेत चाबकाच्या माराचा प्रसंग चालू असता एक ऑटिस्टिक मूल ओरडले. प्रेक्षकांतून आईवर रागाचे शब्द आले. ती मुलाला बाहेर नेण्याची धडपड करीत होती. त्याच रात्री केल्विन मून लो या त्या नाटकातील नटाने जाहीरपणे त्या आईची बाजू घेतली आणि रंगभूमी सगळ्या कुटुंबांसाठी आहे असे लिहिले. मूल नेमके कशाने ओरडले ते कोणी सांगू शकणार नाही. पण माणसाला फटके मारले जात असताना ओरडणे ही काही चुकीची दाद नव्हे, असे आम्हांस वाटते.

तरीही रागावलेल्या प्रेक्षकास आम्ही दुष्ट ठरविणार नाही. त्याने महिनाभर पैसे साठवून तिकीट काढले असेल. त्याला कानाने कमी ऐकू येत असेल, आणि एक वाक्य बुडाले की पुढचे कळत नसेल. इतकेच नव्हे, तर त्याच सभागृहात दुसरा एक ऑटिस्टिक मनुष्य बसला असेल, की ज्याला त्या मुलाचे ओरडणेच सुरीसारखे लागले असेल. एकाचा आधार तो दुसऱ्याचा त्रास, असा हा पेच आहे. ‘सर्वांना सर्वत्र मोकळीक’ एवढे म्हटल्याने तो सुटत नाही.

तो सुटण्याचा मार्ग आमच्या मते एकच: आधी सांगणे आणि वाटून घेणे. काही प्रयोग मोकळे असावेत, काही पूर्ण शांततेचे असावेत, आणि कोणता कोणता ते तिकिटावर स्पष्ट छापावे. पण येथेच एक धोका आहे. वेगळा प्रयोग ही वेगळी पंगत होऊ नये. वर्षातून एकदा, आडवारी सकाळी, बालनाट्याचा एक मोकळा प्रयोग लावला आणि आपले कर्तव्य संपले, असे मानले तर ती सोय नव्हे, उष्टावळ झाली. ऑटिस्टिक मूल वीस वर्षांनी ऑटिस्टिक प्रौढ होते. त्याने काय जन्मभर ‘तीन डुकरांची गोष्ट’ पाहावी? वेगळा प्रयोग हा जिन्याची पहिली पायरी समजावा. पुस्तिका, दाराजवळची जागा, शांत खोली या गोष्टी तर रोजच्या प्रयोगालाही ठेवता येतील. त्यांनी कोणाच्या कानातले एक वाक्यही बुडत नाही.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील. एस्प्लनेड हे रंगमंदिर २००२ साली सुमारे ६० कोटी सिंगापूर डॉलर खर्चून उभे राहिले, आणि तो पैसा सार्वजनिक होता. सर्वांच्या पैशाने बांधलेल्या घरात काहींनीच यावे, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही. शिवाय अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार सिंगापूरने २०१३ साली मान्य केला आहे. त्याचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे. अपंग व्यक्तींना आपली कलाशक्ती वाढविण्याची संधी द्यावी, आणि ती केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे तर समाज संपन्न व्हावा म्हणूनही, असा त्याचा आशय आहे. या दुसऱ्या भागाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. त्यांना आत घेणे हा आपला दानधर्म नव्हे. ते बाहेर राहिले तर तोटा आपलाही आहे.

म्हणून खुर्चीपाशी न थांबता रंगमंचाकडेही पाहावे. सिंगापुरात ऑटिस्टिक मुलांसाठीची पहिली खास शाळा, पाथलाइट, २००४ साली निघाली. अपंग कलावंतांसाठी १९९३ पासून काम करणारी संस्था आज आर्टडिस नावाने ओळखली जाते. २०१५ साली पर्पल सिंफनी हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात अपंग आणि धडधाकट वादक शेजारी शेजारी बसून एकच स्वरलिपी वाजवितात. ऑटिस्टिक मुलगा नायक असलेले ‘द क्यूरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ हे नाटक लंडनला २०१२ साली आले आणि जगभर गाजले. परंतु स्वतःस उघडपणे ऑटिस्टिक म्हणविणारा मिकी रो हा अमेरिकन नट त्या भूमिकेत उभा राहायला २०१७ साल उजाडावे लागले. ज्याची गोष्ट, त्यालाच ती सांगण्यासाठी पाच वर्षे दाराबाहेर थांबावे लागले.

आणखी एक सावधगिरी. २०१९ साली कोडी ली हा अंध व ऑटिस्टिक गायक अमेरिकेतील दूरदर्शनवरील मोठी स्पर्धा जिंकला, आणि जगाने डोळे पुसले. त्याच्या कलेबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु अलौकिक गुण असेल तरच दार उघडू, हा न्याय नव्हे. आपल्या समाजाच्या गॅदरिंगमध्ये बेसूर गाणारे काका आपण वर्षानुवर्षे हसतमुखाने ऐकतो. ते आपले आहेत म्हणून. ऑटिस्टिक मुलालाही सामान्य असण्याची तेवढीच मुभा हवी.

शेवटी, परदेशी वसलेल्या आपणां मराठी मंडळींपुरते. दूरदेशी आपले म्हणून जे काही उरते ते अशाच एकत्र येण्यात असते: वर्षाचे एखादे मराठी नाटक, सणाची गाणी, मुलांचे नाच. ज्या घराला तेथून उठून जावे लागते, त्याची भाषा आणि नातीही हळूहळू सुटतात. एस्प्लनेडचे नियम बदलणे आपल्या हाती नसेल; आपल्या कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळी छापणे आपल्या हाती निश्चित आहे. कार्यक्रम केव्हा सुरू होईल व केव्हा संपेल, मोठे आवाज कोठे आहेत, शेजारची खोली विसाव्यासाठी मोकळी आहे, आणि कोणी मध्येच उठले वा बोलले तर रागावू नये. ध्वनिक्षेपक थोडा खाली आणावा. वृद्ध मंडळीही दुवा देतील. आणि मुलांच्या नाटुकल्यात एखादे मूल वाक्य विसरून तालावर झुलत राहिले, तर त्याला विंगेत ओढू नये. त्याला झुलू द्यावे, आणि नाटक पुढे चालू ठेवावे.