औषध देणाऱ्या वाचकाची नोंद

लाल विंचू चावला की आधी मरणाची कळ येते. पण माणूस कळीने मरत नाही. उलट्या सुरू होतात, अंग घामाने निथळतं, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. कोकणातल्या कित्येक घरांनी हे पाहिलं आहे. एकेकाळी लाल विंचवाच्या गंभीर दंशात मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं.

महाड परिसरातल्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री जागवल्या आणि जे दिसलं ते टिपून ठेवलं. हृदयावर संकट येण्याआधी शरीर कोणते इशारे देतं, हे सांगणारा त्यांचा शोधनिबंध १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह लिहिलेला दुसरा निबंध त्याच नियतकालिकात आला. तो प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीबद्दल होता. विंचवाच्या विषाने चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे राहतात, ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय कोलमडतं. प्राझोसिन नेमकं त्या आवळण्यालाच अडवतं. हे उपचार रुळले तसं मृत्यूचं प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आलं.

आता विषशास्त्रातल्या अशा संशोधकाचं मोल कसं ठरवायचं? आजच्या विद्यापीठाकडे उत्तर तयार असतं: निबंध किती, सायटेशन म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले संदर्भ किती, एच-इंडेक्स किती. एच-इंडेक्स ही होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवलेली मोजणी. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन मिळाली, त्याचा निर्देशांक वीस. आकडा सुटसुटीत आहे, म्हणूनच निवड समित्यांना तो आवडतो.

पण सायटेशन देतो कोण? जो स्वतः निबंध लिहितो तोच. कर्करोगावर जगभरच्या हजारो प्रयोगशाळा लिहितात, त्यामुळे तिथल्या मध्यम दर्जाच्या निबंधालाही भरपूर सायटेशन मिळतात. विंचूदंश हा शेतात राबणाऱ्यांचा, कुडाच्या घरात राहणाऱ्यांचा, अंधारात अनवाणी चालणाऱ्यांचा आजार. त्यावर लिहिणारे मोजकेच. वाचणारे मात्र आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी रात्री दोन वाजता तो निबंध किंवा त्यातून आलेली सूचना आठवून गोळी देतो, मूल सकाळी घरी जातं. त्या डॉक्टरने आयुष्यात एकही निबंध लिहिलेला नसतो. संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा वाचक अशा रीतीने हिशेबातून पूर्ण वगळला जातो.

उलट टोकाचं उदाहरण घ्या. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ सालचा निबंध प्रथिनं मोजण्याच्या एका रासायनिक पद्धतीवर आहे. २०१४ सालापर्यंत त्याला तीन लाखांहून अधिक सायटेशन मिळाली होती. पद्धत उपयोगी होती, ज्याने वापरली त्याने नोंद केली, यात गैर काहीच नाही. पण एवढ्या आकड्यावरून तो निबंध विसाव्या शतकातला सर्वांत थोर शोध आहे असं कोणी म्हणणार नाही. सायटेशन ही वापराची नोंद आहे, थोरवीचा दाखला नाही.

तरीही सायटेशन निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या मनात क्रमवारी नव्हतीच. जुन्या निबंधावर पुढे कोणी टीका केली, त्यातलं काय चुकीचं किंवा कालबाह्य ठरलं, हे वाचकाला शोधता यावं, हा त्यांचा हेतू होता. विषशास्त्रात हा हेतू जीवनमरणाचा आहे. बावसकर दांपत्याने २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ७० रुग्णांवरची चाचणी छापली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष लसही. दहा तासांत बरे झालेले रुग्ण लस मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. ज्या औषधाने नाव दिलं त्याच्या जोडीला लस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्याच हातांनी लिहिलं. संशोधकाच्या प्रकाशनयादीत मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी ओळ. आणि १९८६चा निबंध वाचणारा २०११च्या निबंधापर्यंत पोहोचतो तो सायटेशनचा धागा धरूनच.

हा धागा सोडून आपण नुसते आकडे धरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीसाठी निबंधांना गुण लावले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना बाजार मिळाला. २०१८ साली आयोगालाच आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. त्यात छापलेल्या कागदाने किती जणांना बढती दिली असेल, पण किती रुग्णांना आधार दिला असेल?

म्हणून विषावर काम करणाऱ्याची यादी समोर आली की निवड समितीने बेरीज करण्याआधी निबंध वाचावेत. उपचारांच्या सरकारी मार्गदर्शिकेत यांतलं काय गेलं, ते औषध तालुक्याच्या दवाखान्यात मिळतं का, दंशाने होणारे मृत्यू घटले का, हे विचारावं. आणि संशोधकाने स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा कसोटीला लावला का, हेही विचारावं. याला वेळ लागेल, आरोग्य केंद्रातल्या नोंदवह्या चाळाव्या लागतील, डॉक्टरांशी बोलावं लागेल. ते कष्ट टाळायचे म्हणून आपण आकड्यामागे दडतो. ज्या शास्त्राची परीक्षा रुग्णाच्या खाटेवर होते, त्याचे गुण खाटेजवळ जाऊनच द्यायला हवेत.