ऐकलेल्याचं प्रामाण्य

आपल्याला झालेलं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं? नैयायिक आणि मीमांसक या प्रश्नावर कित्येक शतकं भांडले. केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड ज्या गावी सिद्ध केले, त्या वाईत मी राहते. नोकरीची सगळी वर्षं मी न्यायशास्त्र शिकवलं. पिवळा दिसणारा शंख, साप वाटणारी दोरी ही उदाहरणं फळ्यावर लिहून लिहून घासली गेली. मला वाटतं, हा वाद आज समजून घ्यायचा असेल तर एखाद्या महागड्या डिस्क प्लेअरची पारख करून पाहावी.

माझ्या भाच्याने पुण्यात एकाकडून वापरलेला ओप्पो डिजिटलचा यूडीपी-२०५ घेतला. ही कॅलिफोर्नियातली कंपनी. २०१८ मध्ये तिने नवे प्लेअर काढणं थांबवलं, तेव्हापासून शौकीन लोक हे मॉडेल शोधत फिरतात. नवा असताना त्याची किंमत १,२९९ डॉलर होती. वजन दहा किलो. आत ध्वनीसाठी ईएसएस कंपनीच्या ईएस९०३८प्रो या दोन चिप. सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे, फोर-के ब्लू-रे, सगळं चालतं. विकणारा म्हणाला होता, पटला नाही तर आठवड्यात परत आणा. भाचा तो आणि आपला जुना साधा डीव्हीडी प्लेअर, दोन्ही घेऊन माझ्याकडे आला. किशोरीताईंचा भूप लावला आणि म्हणाला, "मावशी, जमीन-अस्मानाचा फरक आहे की नाही? मला ऐकू येतंय, आणखी पुरावा कशाला?"

हे बोलणं थेट मीमांसक कुमारिल भट्टांचं आहे, आणि ते हलकं नाही. भाट्ट मीमांसा म्हणते की ज्ञान उपजतंच प्रमाण म्हणून. त्याला बाहेरून दाखला लागत नाही, कारण दाखला देणाऱ्या ज्ञानालाही मग दुसरा दाखला लागेल आणि साखळी कधी संपणार नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे पाहिलेलं खरं. प्रामाण्य हे असं फळावरून ठरतं. माझा जन्म नैयायिकांच्या बाजूने बोलण्यात गेला. पण भाच्याला मी कुमारिलांच्याच आधाराने उत्तर दिलं.

कुमारिल दोन ठिकाणी ज्ञान मागे घ्यायला सांगतात. एक, त्याला बाधणारं दुसरं ज्ञान झालं तर. दुसरं, ज्या कारणाने ते ज्ञान झालं त्यातच दोष आहे असं कळलं तर. कावीळ झाली आहे हे एकदा समजलं की शंख पिवळा दिसला तरी तो पिवळा आहे असं म्हणण्याचा हक्क उरत नाही. वेदाचं प्रामाण्य याच युक्तिवादावर उभं केलं गेलं: वेदाला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोष तिथे शिरू शकत नाहीत. डिस्क प्लेअरला कर्ता आहे, विकणारा आहे, आणि ऐकणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजलेले आहेत. दोष शिरायला इथे सगळी दारं उघडी आहेत.

पहिला दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकून पाहिल्यावरच सापडला. नवा प्लेअर बॅलन्स्ड जोडणीने लावला होता, जुना साध्या आरसीए तारांनी. बॅलन्स्ड जोडणीतून साधारण दुप्पट व्होल्टेज येतं, म्हणजे आवाज सहा डेसिबलने चढतो. आणि थोडा मोठा आवाज माणसाच्या कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो: जास्त स्पष्ट, जास्त भरीव. न्यायशास्त्रात अशा लपून बसलेल्या कारणाला उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर असं अनुमान फसतं, कारण धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. "महाग यंत्र, म्हणून सुरेल आवाज" या अनुमानातलं ओलं लाकूड म्हणजे आवाजाची पातळी. नैयायिक उदयनाचार्यांचा विद्यार्थी असता तर त्याने आधी हेच तपासलं असतं.

मग आम्ही ओलं लाकूड काढून टाकलं. एक हजार हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्हींचं व्होल्टेज सारखं केलं. यंत्रांवर चादर टाकली. कोणतं चालू करायचं ते शेजारच्या मुलीच्या हाती दिलं, आणि तिला कुठल्याची किंमत किती हे सांगितलं नाही. अन्वय आणि व्यतिरेक हेच आहे: किंमत माहीत असताना फरक जाणवतो, माहीत नसताना जाणवतो का?

दोन्ही प्लेअर डिजिटल तारेने अ‍ॅम्प्लिफायरला जोडले, तेव्हा दोघांनाही काही ओळखता येईना. यात नवल नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक सोळा बिटांचा. ओरखडा आला तरी रीड आणि सॉलोमन यांच्या १९६० च्या गणितामुळे ट्रॅकवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा खंड जसाच्या तसा भरून निघतो. त्याहून मोठा खंड असला तरच यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून अंदाज करतं. म्हणजे धड डिस्कवरून दोन्ही यंत्रं एकच आकडे वाचतात; ती आकड्यांची रांग स्वस्त यंत्रात कमी पवित्र नसते. अ‍ॅनलॉग तारांनी जोडलं तेव्हा मात्र भाचा बहुतेक वेळा बरोबर सांगू लागला. तानपुरा विरत जातो तिथे त्याला फरक लागत होता. माझे कान सत्तरीचे. वरचे सूर वयाबरोबर जातात, हा इंद्रियदोष. तेव्हा इथे त्याचं प्रत्यक्ष माझ्यापेक्षा प्रबळ मानायला हवं. फरक खरा होता, पण जमीन-अस्मानाचा नव्हता.

चित्राची गोष्ट वेगळी. डीव्हीडीवर जास्तीत जास्त ५७६ ओळी असतात, फोर-के पडद्यावर २,१६०. उरलेल्या कोणाला तरी अनुमानाने भराव्या लागतात, आणि अनुमान चांगलं-वाईट असू शकतं. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्याच्या कडा नव्या यंत्रावर दातेरी दिसल्या नाहीत, जुन्यावर दिसल्या. इथे वादच उरला नाही.

भाच्याला नंतर नवी शंका आली: वीजतार बदलली तर? खाली लाकडी पाय लावले तर? या शंकेलाही कुमारिलांनी उत्तर देऊन ठेवलं आहे. तीन-चार ज्ञानांपुढे तपास नेण्याची गरज नाही, असं ते सांगतात. कारण नसताना शंका घेत बसणाऱ्याचा कुठलाच व्यवहार होणार नाही. दोष दिसला तर तपासा, दिसला नाही तर थांबा. हा नियम मला आमच्या न्यायापेक्षाही शहाणा वाटतो, आणि नैयायिक असून मी तो मानते. महागड्या यंत्रांच्या शौकिनांना शंकेने पोखरलेलं मी पाहिलं आहे. घरी डिस्कचे ढीग असतात आणि पहिल्या आलापापुढे कोणी जात नाही.

तुम्ही असा प्लेअर घेणार असाल तर पैसे देण्याआधी आवाजाची पातळी मोजून सारखी करा, बटण दुसऱ्याच्या हाती द्या, आणि किंमत त्याच्यापासून लपवा. चादर टाकूनही फरक लागला तर खुशाल घ्या. भाच्याला मी यंत्र ठेव म्हटलं, चित्रासाठी आणि एसएसीडीसाठी; नुसत्या सीडीसाठी जुना प्लेअर पुरेसा आहे.